वाघ-बकरी : पटावरील झडप आणि तिचे नियम

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या दरम्यान गोंडपिपरी तालुका वसलेला आहे. वर्धेपलीकडे तेलंगण, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा. पुढे याच दोन नद्या एकत्र येऊन प्राणहिता होतात. परिसरातील कन्हाळगाव अभयारण्य २०२१ मध्ये घोषित झाले. वाघाने बकरी उचलल्याची बातमी या मुलखाला नवलाची नाही. याच जोडीवर बेतलेला एक बैठा खेळ भारतीय उपखंडात फार दूरवर पसरलेला आहे. मराठीत त्याला वाघ-बकरी म्हणतात, तेलुगूत पुली-मेका, तमिळमध्ये आडू-पुली आट्टम् आणि नेपाळमध्ये बाघचाल.

पट जमिनीवर खडूने वा कोळशाने आखता येतो, सोंगट्या म्हणून खडे आणि चिंचोके पुरतात. नियमांची पुस्तिका मात्र नसते. त्यामुळे 'वाघाला ही उडी मारता येते का?' या प्रश्नाचे उत्तर एका गावात एक आणि दुसऱ्या गावात दुसरे मिळू शकते. हे मतभेद क्षुल्लक वाटले तरी डाव कोण जिंकणार हे पुष्कळदा त्यांच्यावरच ठरते.

पट आणि मांडणी

या खेळाचे दोन पट विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला त्रिकोणी. त्यावर २३ बिंदू, ३ वाघ आणि १५ बकऱ्या असतात. दक्षिण भारतात तो रूढ आहे. दुसरा चौकोनी. त्यावर पाच आडव्या व पाच उभ्या रेषांच्या छेदातून २५ बिंदू तयार होतात. ४ वाघ चार कोपऱ्यांत बसतात आणि २० बकऱ्या प्रतिपक्षाच्या हातात असतात. नेपाळची बाघचाल याच पटावर खेळली जाते. पुढील विवेचन चौकोनी पटाला धरून केले आहे.

सोंगट्या घरात न ठेवता रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवतात. आरंभ बकरीचा. एक बकरी पटावर येते, मग एक वाघ हलतो, पुन्हा एक बकरी येते. वीसही बकऱ्या पटावर येईपर्यंत आधीच्या एकाही बकरीला जागचे हलता येत नाही. वाघ मात्र पहिल्या चालीपासून मोकळा असतो आणि त्याला शिकारही करता येते. या टप्प्यात संकटात सापडलेली बकरी पळू शकत नाही. तिच्या पाठीमागच्या मोकळ्या बिंदूवर दुसरी बकरी आणून बसवणे हाच तिचा मुख्य बचाव.

झडप केव्हा वैध ठरते?

वाघाला दोन क्रिया करता येतात : रेषेने जोडलेल्या शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकणे किंवा झडप घालणे. झडप वैध ठरण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. बकरी वाघाच्या लगतच्या बिंदूवर असावी. वाघ आणि बकरी यांना जोडणारी रेषा पटावर आखलेली असावी. त्याच सरळ रेषेत बकरीच्या पलीकडे बिंदू असावा. आणि तो बिंदू रिकामा असावा. यांपैकी एक अट जरी अपुरी राहिली तरी उडी होत नाही. म्हणूनच एकापाठोपाठ उभ्या असलेल्या दोन बकऱ्या त्या रेषेत सुरक्षित असतात, आणि पटाच्या काठावरील बकरीवर आतून बाहेरच्या दिशेने उडी मारता येत नाही. वाघाला वाघावरून उडी नाही.

बकरीला झडप नाही. ती फक्त सरकते. या खेळात वाघ मारण्याचा नियमच नाही. सर्व वाघांची हालचाल पूर्णपणे थांबवणे हाच बकऱ्यांचा विजय. कोंडलेला वाघ पटावरच राहतो आणि एखादी बकरी बाजूला होताच पुन्हा मोकळा होतो. दोन्ही बाजूंची बळे विषम, क्रिया विषम आणि विजयाची व्याख्याही विषम, असा हा दुर्मीळ प्रकारचा खेळ आहे.

वादाच्या जागा

पहिला वाद तिरप्या रेषांचा. चौकोनी पटावर तिरप्या रेषा एकाआड एक बिंदूंतूनच जातात. मध्यबिंदूला आठ दिशा आहेत, त्याच्या लगतच्या उभ्या-आडव्या बिंदूंना चारच. पट घाईने आखला, की 'तिरपे कुठूनही चालते' असा समज होतो. त्याचा परिणाम मोजून पाहता येतो. कोपऱ्यालगतच्या काठावरील बिंदूवर वाघ असेल, तर योग्य पटावर त्याला कोंडण्यासाठी पाच बिंदू व्यापावे लागतात : तीन लगतचे आणि त्यांच्यापलीकडे उतरण्याचे दोन. सर्वत्र तिरपी चाल मान्य केली तर त्याच वाघासाठी आठ बिंदू लागतात. रेषा वाचण्यात चूक झाली, की बकऱ्यांचे काम असे वाढते.

दुसरा वाद सक्तीचा. उडी उपलब्ध असताना वाघाने ती मारलीच पाहिजे काय? चेकर्समध्ये अशी सक्ती आहे; बाघचालीत नाही. सक्ती मानली तर बकऱ्यांच्या हाती आमिष येते : एक बकरी मुद्दाम पुढे करून वाघाला हव्या त्या कोपऱ्यात ओढायचे आणि मागून वाट बंद करायची. सक्ती नसेल तर तोच वाघ आमिष ओळखून जागेवर बसून राहतो. तेव्हा हा नियम ऐन डावात ठरवणे म्हणजे एका पक्षाला आयता लाभ देण्यासारखे आहे.

तिसरा वाद सलग उड्यांचा. उतरल्यावर पुढे आणखी एक उडी शक्य असेल तर ती त्याच खेळीत घ्यावी की नाही? बाघचालीत एका खेळीत एकच बकरी जाते. सलग उड्यांना मुभा दिली तर विरळ मांडणी फार महाग पडते.

चौथा प्रश्न डाव संपण्याचा. बाघचालीच्या प्रचलित नियमांत पाच बकऱ्या गेल्या की वाघांचा विजय मानतात. या आकड्याकडे भूमितीच्या अंगानेही पाहता येते. कोपऱ्यातील एका वाघाला कोंडण्यास सहा बिंदू व्यापावे लागतात. चारही वाघ चार कोपऱ्यांत कोंडायचे तर काही बिंदू सामाईक ठरून एकूण १७ बकऱ्या लागतात. म्हणजे चौथी बकरी गेली, की ही विशिष्ट कोंडी अशक्य होते. उरलेल्या १६ बकऱ्यांना वाघ वेगळ्या जागी, एकमेकांच्या वाटा अडवतील अशा रीतीने गाठावे लागतात.

पाचवा प्रश्न पुनरावृत्तीचा. बकऱ्यांनी तीच ती मांडणी पुन्हापुन्हा करून वेळ काढला तर? बाघचालीत बकऱ्यांना आधीची स्थिती पुन्हा आणण्यास मनाई आहे. जिथे हा नियम माहीत नाही, तिथे डाव कंटाळून सोडला जातो.

लेखी नियम आणि पंच

लेखी नियमांनी असे वाद मिटतात, हा समज पूर्णपणे खरा नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायस्वित्झ याने मांडलेल्या 'क्रीगश्पील' या युद्धखेळात नकाशावर पथकांचे ठोकळे हलवत. हल्ल्याचे परिणाम फासे आणि कोष्टकांवरून ठरत व निर्णय पंच देत असे. नियम इतके बोजड झाले, की १८७६ मध्ये व्हर्दी द्यु व्हर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा खेळ पुरस्कारला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले. १९८३ मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर'सारख्या लघुमूर्तींच्या खेळांत जाडजूड नियमपुस्तके असूनही कोणती क्रिया आधी, कोणता हल्ला वैध, यावर खेळाडूंची चर्चा चालूच राहिली. शब्द कितीही नेमके असले तरी पटावरची प्रत्येक स्थिती त्यांत मावत नाही. क्रीगश्पीलमध्ये ती उणीव पंच भरून काढतो; वाघ-बकरीत ती खेळाडूंनीच आपसांत भरून काढायची असते.

एकच नियम की अनेक?

देशी बुद्धिबळाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके, राजाला किल्लेकोट नसून एकदा घोड्याची उडी असे. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. पंजाबचे मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढले. पुढे आंतरराष्ट्रीय नियम शिकून त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली. एकरूप नियमांनी भारतीय खेळाडूला जगाचे दार उघडले, हे निर्विवाद. मात्र त्या ओघात देशी पद्धत व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली.

वाघ-बकरीपुढेही आज तोच पेच आहे. मोबाइलवर हा खेळ आला तो प्रामुख्याने बाघचालीच्या नियमांनिशी. संगणकतज्ज्ञ यू जिन लिम आणि युर्ग नीव्हरगेल्ट यांनी ठरावीक नियम गृहीत धरून असे सिद्ध केले आहे, की दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर बाघचाल बरोबरीत सुटते. हा निष्कर्ष त्या नियमांपुरता आहे. झडप सक्तीची केली किंवा सलग उड्या मान्य केल्या, तर गणित नव्याने मांडावे लागेल. गावोगावचे पाठभेद म्हणजे केवळ चुका नव्हेत. त्यांतील प्रत्येक पाठ हा वाघ आणि कळप यांच्यातील तोल साधण्याचा निराळा प्रयत्न आहे. ते ज्येष्ठांच्या स्मरणातच राहिले, तर त्यांच्याबरोबर संपतील.

म्हणून पट आखण्यापूर्वी सहा गोष्टी ठरवून घ्याव्यात : तिरप्या रेषा कुठे आहेत, बकऱ्या केव्हा हलू शकतात, झडप सक्तीची की ऐच्छिक, एका खेळीत उड्या किती, किती बकऱ्या गेल्यावर डाव संपतो आणि पुनरावृत्ती चालते का. घरातील वडीलधाऱ्यांकडून हीच सहा उत्तरे गावाच्या नावासह वहीत उतरवून ठेवली, तर त्या गावचा खेळ पुढच्या पिढीला जसाच्या तसा मांडता येईल.