वर्दी देणाऱ्याचे स्थान : शिकारबंदीच्या अंमलबजावणीचा इतिहास

भारतातील शिकारबंदीचा इतिहास साधारणपणे कायद्यांच्या आणि अभयारण्यांच्या क्रमाने सांगितला जातो, आणि १८७९, १८८७, १९१२, १९५१, १९७२ असे टप्पे एकापुढे एक मांडले की प्रत्येक टप्प्यावर बंधने वाढत गेल्याचे चित्र उभे राहते. या मांडणीतून एक माणूस सहसा सुटून जातो. रानात, माळावर किंवा शेताच्या बांधावर झालेली बेकायदा शिकार पाहून तिची वर्दी देणारा गुराखी, शेतकरी, पक्षिनिरीक्षक किंवा वाटसरू तो हा माणूस होय. गुन्हा उघडकीस येणे बहुतेक वेळा त्याच्यावरच अवलंबून असते. परंतु कायद्याने त्याला काय दिले याचा शोध घेतला तर हाती फार थोडे लागते, आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या निराशेची मुळे आजच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या ढिलाईपेक्षा पुष्कळ खोल असल्याचे आढळते.

रानातील बातमीला एके काळी मोठी किंमत होती. वाघाने जनावर मारले, म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेत ‘गारा’ झाला, की त्याची खबर साहेबाच्या तंबूपर्यंत पोचवणाऱ्याला इनाम मिळे, आणि मग हाका घालण्यासाठी, म्हणजे आरडाओरडा करत जनावर बंदुकीच्या टप्प्यात आणण्यासाठी, आसपासची गावे मजुरीवर लावली जात. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमची वाघांच्या शिकारीबद्दल मोठी ख्याती होती, आणि तिच्यामागे रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या भिल्लांच्या खबरा होत्या. सरकारही या व्यवहारात मागे नव्हते. वाघ, बिबट्या, लांडगा यांना उपद्रवी ठरवून त्यांना मारणाऱ्यास खजिन्यातून बक्षीस देण्याची पद्धत ब्रिटिश अमलात सर्वत्र रूढ होती, आणि १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा बक्षिसांसाठी ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. मारलेल्या जनावराचा पुरावा कचेरीत हजर केला की पैसे मिळत. जनावर मारण्यासाठी बातमी, पुरावा आणि मोबदला यांची इतकी चोख सांगड घालणाऱ्या राज्ययंत्रणेने पुढे जनावर वाचवण्यासाठी मात्र ती कधीच घातली नाही, ही गोष्ट या सगळ्या इतिहासात सर्वांत बोचणारी आहे.

संरक्षणाचे पहिले कायदे याच काळात झाले. १८७९ चा हत्ती संरक्षण कायदा हत्तींपुरता होता आणि १८८७ चा वन्यपक्षी संरक्षण कायदा विणीच्या हंगामात नगरपालिका व छावणी हद्दीत होणाऱ्या विक्रीपुरता, म्हणजे मुख्यतः बाजारापुरता, होता. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरणे, काळवीट, रानगवे, ससे, मोर, माळढोक अशा अनेक जातींना ‘बंद हंगाम’ लागू केला, म्हणजे वर्षातील ठरावीक काळ त्यांना मारण्यास मनाई केली. वाघाचे नाव मात्र या यादीत नव्हते. पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा पकडले गेल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, एवढीच शिक्षा होती. त्याहून महत्त्वाची होती ती पळवाट: मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेल्या हत्येला हा कायदा लागू नव्हता. शेताजवळ मारलेले प्रत्येक हरीण ‘पिकाच्या रक्षणासाठी’ मारले असे म्हणता येत असल्यामुळे, गावातील कोणी तक्रार घेऊन गेलाच तर ती मोडीत काढायला एक वाक्य पुरे होते.

राखीव जंगलांत शिकारीचे नियम होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने नियमबाह्य शिकार करणे, फासे लावणे, पाण्यात विष कालवणे ही कृत्ये गुन्हा ठरवली होती आणि जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडून परवान्याने शिकार देण्याची पद्धतही होती. पण हे नियम मोडणारा कोण यावर सारे ठरे. जंगलरक्षक हा वनखात्याच्या उतरंडीतील सर्वांत खालचा नोकर असे, आणि परवान्यापेक्षा जास्त जनावरे मारणारा पाहुणा बहुधा त्याच्या वरिष्ठाच्या बंगल्यावर उतरलेला असे. अशा वेळी वर्दी नोंदवणार कोण आणि ती घेणार कोण, हा प्रश्न कागदावर सुटण्यासारखा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती सुधारण्याऐवजी चिघळली. पीकसंरक्षणाच्या नावाने बंदुकांचे परवाने सढळपणे दिले गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या स्वस्तात मिळू लागल्या, आणि रात्री प्रखर दिव्याच्या झोतात जनावराचे डोळे दिपवून गाडीतूनच गोळी घालण्याचा प्रकार देशभर फोफावला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता, आणि तो त्या काळातील प्रगत कायद्यांपैकी एक मानला जाई. तरीही त्याचा पाया परवाना आणि हंगाम हाच राहिला. परवान्याची शिकार आणि चोरटी शिकार यांतील फरक पाहणाऱ्याला दुरून कळत नसे: गोळीचा आवाज तोच आणि गाडीच्या मागच्या भागात टाकलेले जनावरही तेच. तक्रार करणाऱ्याने आधी शिकाऱ्याकडे परवाना नाही हे जाणून असावे, अशी अपेक्षा या रचनेतच गृहीत होती.

१९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा हा या इतिहासातील खरा दुभाजक आहे, यात शंका नाही. वन्यजीव हा तेव्हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने संसदेला राज्यांच्या ठरावांच्या आधारे तो करावा लागला, आणि त्यानेही सुरुवातीला काही जातींची परवान्याने शिकार चालू ठेवली. ती सोय १९९१ च्या दुरुस्तीने संपली. पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्यांच्या शिकारीस मूळ कायद्यात सहा महिने ते सहा वर्षे कैद होती. २००२ मध्ये ती तीन ते सात वर्षे झाली. वर्दी देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या कायद्याचे मर्म कलम ५५ मध्ये आहे. न्यायालयाने कोणाच्या फिर्यादीवरून गुन्ह्याची दखल घ्यावी हे सांगणाऱ्या या कलमाने सुरुवातीला तो अधिकार मुख्य वन्यजीव रक्षक आणि सरकारने प्राधिकृत केलेले अधिकारी यांनाच दिला. म्हणजे डोळ्यांदेखत शिकार झाली तरी नागरिकाला स्वतः न्यायालयाचे दार ठोठावता येत नव्हते. १९९१ मध्ये ते किलकिले झाले: सरकारला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला ६० दिवसांची नोटीस दिल्यावर कोणाही व्यक्तीला फिर्याद करता येईल अशी तरतूद झाली. पण साठ दिवसांत मांस शिजवून संपते, कातडे राज्याबाहेर जाते आणि रक्ताचा डाग एका पावसात धुऊन निघतो. त्यामुळे हा हक्क प्रत्यक्षात पुरावा नाहीसा झाल्यानंतरचा हक्क ठरला.

पुराव्याचे काम किती नाजूक आहे हे एका साध्या घटनेच्या तपशिलातून ध्यानात येते. ओढ्याकाठच्या जनावरांच्या वाटेवर मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फास लावलेला आहे आणि त्यात भेकर मेलेले आहे, अशी खबर बीटच्या वनरक्षकाकडे आली, तर त्याने तातडीने जागेवर पोचून दोन पंचांसमक्ष पंचनामा करणे, फास न हलवता त्याची मापे व छायाचित्रे घेणे, तो जप्त करून मोहोरबंद करणे, प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे वनखात्यात ‘पीओआर’ म्हणून ओळखली जाणारी पहिली नोंद, करणे, पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घेऊन नमुने प्रयोगशाळेकडे पाठवणे, ही सारी कामे एका दमात व्हावी लागतात. पंच बहुधा त्याच गावचे असतात. आरोपीही बहुधा त्याच गावचा असतो. मोहोर नीट लागली नाही, जप्तीची वेळ आणि पंचनाम्याची वेळ जुळली नाही किंवा खटला उभा राहीपर्यंत एखादा पंच फिरला, तर खटला तिथेच ढासळतो. शेकडो हेक्टरांचे नियतक्षेत्र एकट्याने सांभाळणाऱ्या, हातात काठी असलेल्या माणसाकडून फौजदारी तपासाची ही शिस्त अपेक्षिली जाते, आणि त्या शिस्तीचे पुरेसे शिक्षण त्याला दीर्घकाळ कोणी दिले नाही. त्यामुळे सगळा ठपका त्याच्यावर ठेवणे अन्यायाचे आहे.

यात हद्दीच्या वादाची भर पडते. कायदा मालकीच्या शेतात, गायरानात आणि तलावाच्या काठावरही तितकाच लागू आहे, आणि झडतीचे व जप्तीचे अधिकार पोलीस उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यालाही आहेत. तरीही जंगलाबाहेरची तक्रार पोलिसांकडे गेली की ती वनखात्याची ठरते आणि वनखात्याकडे गेली की ती महसुली हद्दीतील ठरते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तक्रारदार तो गृहीत धरूनच घराबाहेर पडतो. ठासणीची विनापरवाना बंदूक सापडली तर शस्त्र कायद्याचा गुन्हा पोलीस नोंदवतात, शिकारीचा गुन्हा वनखाते नोंदवते, आणि एकाच घटनेच्या दोन फायली दोन कचेऱ्यांत वेगवेगळ्या गतीने चालतात.

या शैथिल्याची किंमत सर्वांत स्पष्ट दिसली ती राजस्थानात. वाघ-बिबट्यांच्या कातड्यांचा व्यापारी संसारचंद १९७४ मध्येच शेकडो कातड्यांसह पकडला गेला होता. त्या प्रकरणात शिक्षा व्हायला १९८२ साल उजाडले आणि ती दीड वर्षाची होती. मधल्या आणि नंतरच्या काळात त्याच्यावर एकामागून एक गुन्हे दाखल होत गेले, जामीन मिळत गेला आणि व्यापार चालू राहिला. हा व्यापार चालू असतानाच राजस्थानातील सरिस्का अभयारण्यातील वाघ दिसेनासे झाल्याची कुजबुज २००४ मध्ये सुरू होती, तरी कागदोपत्री वाघ शिल्लक होते. २००५ च्या आरंभी ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली आणि पाठोपाठ तपासात तेथे एकही वाघ उरला नसल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग उभे राहिले, आणि संसारचंदची एका जुन्या प्रकरणातील पाच वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केली. पहिल्या अटकेपासून ३६ वर्षे गेली होती.

वर्दी देणारे एकटे नसले तर काय होते, याचे उदाहरणही राजस्थानातीलच आहे. जोधपूरजवळच्या कांकाणी येथे ऑक्टोबर १९९८ मध्ये झालेल्या काळवीट शिकारीच्या प्रकरणात अभिनेता सलमान खान याच्याविरुद्ध तक्रार घेऊन उभे राहिलेले बिष्णोई गावकरी वीस वर्षे मागे हटले नाहीत, आणि एप्रिल २०१८ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे जामीन व अपील झाले. त्याच काळातील चिंकारा शिकारीच्या प्रकरणांत मात्र उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपीला निर्दोष ठरवले. संपूर्ण समाजाची श्रद्धा पाठीशी असूनही दोन दशके लागतात, तर एकट्या शेतकऱ्याने किंवा महाविद्यालयीन पक्षिनिरीक्षकाने कशाच्या बळावर टिकून राहावे?

महाराष्ट्राच्या गावांत मौनाला आणखी एक कारण आहे. रानडुकरांनी आणि रोह्यांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याने कुंपणात वीज सोडली आणि त्यात बिबट्या किंवा वाघ मेला, तर शेजाऱ्याला त्याच्याविरुद्ध बोलावेसे वाटत नाही, कारण उद्या तीच वेळ आपल्यावर येईल हे त्याला ठाऊक असते. दुसरीकडे, गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या फासेपारध्यांवर संशय घेणे आजही सर्वांत सोपे आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय झाला नाही. दुबळी अंमलबजावणी सर्वांना सारखी दुबळी नसते: तितर पकडणारा पारधी पालावर सापडतो आणि शहरातून गाडीने आलेला बंदूकवाला त्याच रात्री परततो.

असे असूनही यंत्रणेला जमतच नाही असे म्हणता येणार नाही. मेळघाटात २०१३ मध्ये वाघांच्या शिकारीची साखळी उघड झाल्यावर वनखात्याने मोबाइलच्या नोंदींचा माग काढणारा कक्ष उभारला, आरोपींचा परराज्यापर्यंत पाठपुरावा केला आणि न्यायालयातून शिक्षाही मिळवल्या. हे घडले ते नव्या कलमामुळे नव्हे. तपास करणारी माणसे प्रकरणाला चिकटून राहिली, म्हणून घडले. खबऱ्यासाठी कायद्यात बक्षिसाची तरतूद आहे, दंडाच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत ती जाऊ शकते. पण ती शिक्षा झाल्यानंतरची आहे, आणि शिक्षाच होत नसेल तर ती कागदावरच राहते. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही चोवीस तासांची मदतवाहिनीही आहे, आणि ती वापरली पाहिजे.

उणीव आहे ती फोन ठेवल्यानंतरच्या काळात. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांवर असे बंधन घातले आहे की तपास कुठवर आला हे त्यांनी वर्दी देणाऱ्याला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवावे. वन्यजीव कायद्यात वनाधिकाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही, आणि मेलेल्या जनावराच्या बाजूने विचारणा करणारा दुसरा पीडितही नाही. शिक्षा वाढवणाऱ्या अनेक दुरुस्त्या पन्नास वर्षांत झाल्या. आता वर्दीची लेखी पोच देणे, पीओआरचा क्रमांक कळवणे आणि प्रकरणाचे पुढे काय झाले हे ठरावीक मुदतीत सांगणे, एवढी एक दुरुस्ती विधिमंडळांनी आणि संसदेने तातडीने करावी.