पहिल्या छापील कागदावर ॲरिस्टॉटल

गोंदिया-भंडाऱ्याकडची माणसे नागपूरच्या सेमिनरी हिल्सला फिरायला जातात. त्या टेकडीला हे नाव मिळाले ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे. कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणारा तरुण सेमिनरीत आधी तत्त्वज्ञान शिकतो आणि मग ईश्वरविद्या. म्हणजे अगोदर प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि मग थॉमस अक्वायनस. हा क्रम आपल्याकडे गोव्यात रुजला, आणि त्याची खूण भारतात खिळ्यांनी छापलेल्या पहिल्याच कागदावर होती.

६ सप्टेंबर १५५६ रोजी पोर्तुगालहून निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला. खरे तर तो इथियोपियाला जायचा होता. पुढचा प्रवास अडला आणि यंत्र गोव्यातच राहिले. हुआन दे बुस्तामांते या मुद्रकाने ते जेझुइट या कॅथलिक संघाच्या संत पॉल कॉलेजात चालवले. त्याच वर्षी त्यावर छापले गेले ते 'कोंक्लुझोंइश', म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तत्त्वज्ञानाच्या वादसभेत मांडायचे सिद्धान्त. विद्यार्थी एक सिद्धान्त उभा करी, समोरचे त्यावर आक्षेप घेत, आणि तर्काचे नियम सांभाळून त्याला प्रत्येकाचे उत्तर द्यावे लागे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष करणाऱ्या आपल्या शास्त्र्यांना ही सभा मुळीच परकी वाटली नसती. जेझुइट मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिकवण छापून निघाली ती १५५७ मध्ये, म्हणजे या सिद्धान्तांनंतर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या मुद्रणाचा आरंभ वादाच्या तयारीतून झाला.

पण पाद्री होणाऱ्याला ख्रिस्तापूर्वीचा ग्रीक कशाला हवा? एक उदाहरण घेऊ. मिस्सा या उपासनेत भाकरीचे ख्रिस्तशरीर होते, असे चर्च मानते. डोळ्याला भाकर तशीच दिसते, जिभेला चव तीच लागते. मग बदलले काय? अक्वायनस यांचे उत्तर असे, की रंग, रूप, चव हे गुण तसेच राहिले, त्यांच्या मुळाशी असलेले द्रव्य बदलले. द्रव्य आणि गुण यांची ही फोड ॲरिस्टॉटलची. ती नीट कळल्याशिवाय विद्यार्थ्याला अक्वायनस वाचताच येत नाहीत. श्रद्धा असो वा नसो, एवढा नेमका विचार करायला शिकवणारा अभ्यास आदराने पाहावा असाच आहे.

१५९९ मध्ये जेझुइटांनी आपल्या सगळ्या कॉलेजांसाठी एकच अभ्यासक्रम ठरवला: तत्त्वज्ञानाला ॲरिस्टॉटल, ईश्वरविद्येला अक्वायनस. गोव्याच्या साष्टीतल्या राशोलचे कॉलेजही त्यांचेच. याच राशोलला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. युरोपी विद्येत वाढलेल्या या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली. १७५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने जेझुइटांना हाकलले, तरी राशोलची सेमिनरी टिकली. पुढे श्रीलंकेतल्या कॅंडीची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली आणि हा अभ्यास महाराष्ट्रात आणखी पक्का झाला.

'कोंक्लुझोंइश'ची एकही प्रत उरलेली नाही. संत पॉल कॉलेजचीही फक्त दर्शनी कमान उभी आहे. जुन्या गोव्याला गेलात तर बासिलिका पाहून लगेच परतू नका. तिथून जवळच असलेली ती कमानही पाहा.