साखर वाहिली कोणी?

माझ्या आजोबांच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीला जाड घट्टा पडला होता. आम्ही नातवंडे तो बोटाने दाबून पाहत असू. आजोबा हसून म्हणत, "ही साखरेची गाठ आहे." पण आई आम्हाला बजावत असे, "कोणी विचारले तर आजोबा गोदीत नोकरीला होते म्हणा. पोती वाहत होते असे सांगू नका." पुढे मी शिक्षिका झाले, तरी इतकी वर्षे तसेच सांगत आले.

सध्या मी मुलीकडे अमेरिकेत, टेक्ससमधील प्लेनो गावी आले आहे. १८७२ साली येथे रेल्वे आली आणि भोवतालच्या काळ्या जमिनीतील कापूस बाहेरच्या बाजारात जाऊ लागला. पुढे १९०८ पासून विजेची रेल्वेही धावली. तिच्या जुन्या स्थानकात आता संग्रहालय आहे. ते पाहताना नातवाने विचारले, "आजी, गाडीत कापूस कोण भरत असे?" प्रश्न कापसाचा होता, पण मला आजोबांची पाठ आठवली. म्हणून या स्मरणिकेसाठी मॉरिशसच्या साखरवाहकांविषयी लिहिते आहे.

आपले पूर्वज ऊस तोडायला मॉरिशसला आले, असे आपण मुलांना सांगतो. ते खरे आहे, पण अर्धेच. तोडलेला ऊस वेळेवर गिरणीत गेला नाही तर त्यातील साखर घटते. तयार झालेली साखर जहाजात चढली नाही तर तिला दाम मिळत नाही. म्हणजे तोडणाऱ्याच्या मागोमाग वाहणारा लागतोच.

१८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले, बहुतांशी कोकणातले, आपले मराठी लोकही होते. सर्वांना एकच नाव मिळाले, 'कुली', म्हणजेच ओझे वाहणारा. ते ज्या घाटावर उतरत त्यालाही कुली घाट म्हणत. आज तो आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

प्रथम सारे काम माणूस आणि जनावर यांच्यावर होते. ऊस डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायचा. बैल किंवा खेचरे जुंपलेली ती गाडी, जिला क्रिओल भाषेत 'सारेत' म्हणतात, गिरणीपर्यंत हाकायची. साखर भरण्यासाठी वाकवा झाडाच्या पानांच्या पिशव्या विणत. हे झाड आपल्या केवड्याच्या जातीचे. वाकवा गावाचे नाव त्यावरूनच पडले. पुढे तागाची पोती आली. दूरच्या मळ्यांची साखर किनाऱ्याकिनाऱ्याने लहान गलबतांतून पोर्ट लुईसला येई.

मग आगगाडी आली. २३ मे १८६४ रोजी उत्तरेचा मार्ग सुरू झाला आणि १८६५ साली पोर्ट लुईसहून माहेबूरला जाणारा. हा दुसरा मार्ग क्यूरपीपजवळ सुमारे १८०० फूट उंची गाठून पलीकडे उतरत असे. गाडी धावू लागली म्हणून पाठीवरचे ओझे सुटले नाही. गिरणीत पोते उचलून डब्यात ठेवायचे, बंदरात डब्यातून काढून गोदामात रचायचे, पुन्हा तेथून काढायचे. मोठी जहाजे बंदराच्या मध्यभागी नांगरून राहत. त्यामुळे पोती आधी सपाट बुडाच्या होड्यांत भरायची आणि मग होडीतून जहाजावर चढवायची. एकच पोते असे कितीदा तरी उचलले जाई.

शाळेत मी मुलांना एक गणित घालते. १९७३ साली मॉरिशसमध्ये विक्रमी, सुमारे ७ लाख १८ हजार टन साखर झाली. एक पोते ८० किलोंचे धरले तर पोती किती? उत्तर येते जवळजवळ ९० लाख. मुले तोंडात बोट घालतात. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली होती की, प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे. माझे आजोबा तोवर निवृत्त झाले होते.

या कष्टकऱ्यांनी सारे मुकाट सोसले असेही नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये पोर्ट लुईसच्या गोदी कामगारांनी संप केला. सरकारने आणीबाणी पुकारली आणि कामगार नेते इमॅन्युएल अँकेतिल यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केले. आजोबा त्या संपाविषयी फार बोलत नसत. एवढेच म्हणत, "त्या दिवसांत आम्ही आणि क्रिओल भाऊ एकाच भांड्यात जेवलो." गोदीत आफ्रिकी वंशाचे लोक पुष्कळ होते. पोते कोणाच्या पाठीवर आहे हे पोत्याला कळत नाही, असे ते म्हणत.

१९५६ साली प्रवासी गाड्या बंद झाल्या, १९६४ साली मालगाड्याही थांबल्या आणि लॉऱ्या आल्या. १९८० साली बंदरात सुटी साखर यंत्राने जहाजात सोडणारे टर्मिनल सुरू झाले आणि पोती वाहण्याचे काम संपले. माझे काका तेव्हा गोदीत होते. ते म्हणाले, "पाठ सुटली, पण पगारही सुटला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

ज्या मुलुखातून आपण आलो तेथेही हे ओझे होतेच. महाराष्ट्रात माथ्यावर भार वाहणाऱ्याला माथाडी म्हणतात. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तेथे हा शब्द आज संघटनेच्या पाटीवर मानाने लिहिला जातो. आमच्या घरी मात्र तो लपवला गेला.

आईला मी दोष देत नाही. आम्ही शिकावे आणि आम्हाला कोणी हिणवू नये, एवढेच तिला हवे होते. पण आता लपवण्याचे कारण उरलेले नाही. वाचकहो, आपल्या घरातही कोणी गाडीवान, रेल्वेत माल चढवणारा किंवा गोदीतला हमाल असेल. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्याचे नाव व काम वहीत लिहून ठेवा.

मी सुरुवात केली आहे. नातवाला सांगितले, "येथे कापूस कोणी भरला त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. पण मॉरिशसची साखर भरणाऱ्यांपैकी एक माझे आजोबा होते. ते पोती वाहत." त्याने विचारले, "खूप जड होती?" मी म्हटले, "हो, तुझ्या बाबांएवढी."