बीड प्रांतीचा जलविहार

विहारास जावयाचे म्हटले म्हणजे आपणां मराठी लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची चौपाटी, नाही तर कोकणातील एखादी पुळण उभी राहते. त्या हिशेबाने बीड जिल्हा अगदीच अभागी ठरावा. बालाघाटाच्या माथ्यावर व पायथ्याशी पसरलेल्या ह्या भूमीस समुद्र तर नाहीच; पण समुद्रावरून येणारा पाऊसदेखील सह्याद्रीवर बहुतेक रिता होऊन मग तिच्या वाट्यास येतो. तथापि पाण्याकाठी, मोकळ्या हवेत, आप्तस्वकीयांसह चार घटका घालविण्याची हौस ही काही किनारपट्टीचीच मिरास नव्हे. ती हौस येथील लोकांनी कशी भागविली, हा त्या प्रांताच्या इतिहासाचाच एक भाग आहे. आणि लढाया व सनदा यांच्या गर्दीत तो सहसा सांगितला जात नाही.

प्रथम भूमीची रचना ध्यानात घ्यावी. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पाटोदे तालुक्यातील गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते व पुढे दूरवर जाऊन गोदावरीसच मिळते. बीड शहरातून जाणारी बिंदुसरा सिंदफणेत, आणि सिंदफणा गोदावरीत. अरबी समुद्र जवळ असूनही येथील पाणी पूर्वेच्या बंगालच्या उपसागराकडे जाते. डोंगराची कड जेथे एकाएकी तुटते तेथे ओढ्यांचे धबधबे होतात. सौताडा व कपिलधार ही ठिकाणे अशाच जागी आहेत.

आता ह्या प्रांतातील यात्रांचे दिवस पाहा. सौताड्यास विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत उडी घेते व दरीच्या तळाशी रामेश्वराचे देवालय आहे. तेथे गर्दी लोटते ती श्रावणात, म्हणजे धबधबा भरात असतो तेव्हा. कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधी आहे. तेथील यात्रा कार्तिक पौर्णिमेस भरते. पाऊस संपलेला, वाटा वाळलेल्या, खरीप हाती आलेला, आणि डोंगरातील झरे मात्र अद्याप जिवंत. बीड शहरातील कंकालेश्वराचे प्राचीन देवालय तळ्याच्या मध्यभागी उभे आहे. त्याचा उत्सव महाशिवरात्रीस, ऊन तापू लागते व नदीनाले आटू लागतात त्या सुमारास. श्रावणात कडा, कार्तिकात झरा, माघात तळे! पाणी जसजसे आटत व खाली उतरत जाते, तसतसे माणसेही त्याच्या मागोमाग जातात. हा क्रम कोणी बुद्ध्या आखला असे आमचे म्हणणे नाही. पण जेथे पाणी तेथे देव, आणि पाणी असेल तेव्हा यात्रा, ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली खरी. यात्रा हाच येथील विहार होता. दर्शन झाले की शिदोरी सोडावयाची, मुलांनी पाण्यात डुंबावयाचे, लेकीबाळींनी माहेरच्या माणसांस भेटावयाचे.

वैशाखात पाणी उरे ते जमिनीच्या पोटात. तेथेही माणूस पोहोचला. बीडपासून जवळच असलेली खजाना विहीर ही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत (१५६५–१५८८), सलाबतखानाने बांधविली. विस्तीर्ण वर्तुळाकार विहीर, आत सभोवार ओवरी, आणि भूमिगत नळांनी येणारे व पुढे शेतांकडे जाणारे पाणी. सरकारी खजिना हिच्यात खर्ची पडला म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पाण्यात घातलेला पैसा वाया गेला नाही, असा लोकांचा कौल तीत दिसतो.

परंतु हे सुखाचे चित्र येथेच पुरे केले तर ते अर्धे राहील. ह्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे कपिलधारेची कार्तिकी त्यांना नाही, कंकालेश्वराची शिवरात्र नाही. झरे वाहतात तेव्हा ती परक्या फडात कोयता चालवीत असतात. घरी येतात तेव्हा तळी आटू लागलेली असतात. त्यांच्या वाट्यास उरतो तो एकटा श्रावण. समुद्र नाही हे ह्या प्रांताचे खरे दैन्य नव्हे. आपल्याच पाण्याकाठी बसण्यास आपल्याच माणसांस सवड नाही, हे आहे.

पाण्याचे विस्मरण दुसऱ्याही रीतीने महाग पडते. एरवी पायांनी ओलांडता येणाऱ्या बिंदुसरेने जुलै १९८९ मध्ये बीड शहरात शिरून वस्त्या उद्ध्वस्त केल्या व कित्येकांचे प्राण घेतले. नदीचा काठ कोठवर आहे हे माणूस विसरला तरी नदी विसरत नाही.

अलीकडे विहाराची नवी स्थाने झाली आहेत. पाटोदे तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झाले. सिंदफणेवर माजलगावचा विस्तीर्ण जलाशय आहे. ती अवश्य पाहावीत. पण कोकणच्या सहलीचा बेत करणाऱ्या कुटुंबांनी एखाद्या श्रावणी सोमवारी सौताड्याच्या दरीतही उतरून पाहावे. तेथे वर्षातील आपली एकुलती एक सुट्टी भोगणारी माणसे भेटतील. त्यांस कार्तिकीही घरी करता यावी, इतके काम व पाणी ह्या भूमीत राहील तो दिवस आम्हांस कोणत्याही समुद्रकिनाऱ्याहून अधिक पाहावासा वाटतो.