ही गोळी कोणाच्या सोयीसाठी? अमेरिकेतल्या नर्सिंग होमचा एक इतिहास

आजच्या विषयात एक शब्द आहे, त्याचा अर्थ आधी ठरवून घेऊ, नाहीतर पुढे घोटाळा होईल. ‘नर्सिंग होम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं खाजगी हॉस्पिटल येतं. खाली मेडिकलचं दुकान आणि वर प्रसूतिगृह. आपल्याकडचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा साधारण त्याच अर्थानं हा शब्द वापरतो. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्या, आजारी, परावलंबी माणसांनी राहण्याचं ठिकाण. कुणी ऑपरेशननंतर काही आठवडे राहून घरी जातं, पण बरेच जण शेवटपर्यंत तिथेच असतात. आज मी या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलणार आहे.

आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल, औषधांच्या गोळ्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, गोळ्यांचा कसला आलाय इतिहास? पण या घरांमध्ये म्हातारी माणसं कशी जगली हे जाणून घ्यायचं असेल, तर त्यांना दिलेल्या गोळ्यांच्या नोंदी हा फार बोलका पुरावा आहे. आपण अमेरिकेचं उदाहरण घेतोय, कारण तिथे यावर सुनावण्या झाल्या, खटले झाले, अभ्यास झाले. कागद मागे राहिला, म्हणून इतिहास सांगता येतो.

सुरुवात १९३५ पासून करू. त्या वर्षी सामाजिक सुरक्षा कायदा आला आणि गरीब वृद्धांना सरकारी मदत मिळू लागली. पण त्यात एक अट होती. जो सरकारी संस्थेत, म्हणजे जुन्या अनाथ-पंगुगृहासारख्या ठिकाणी राहतो, त्याला ही मदत मिळणार नाही. हेतू चांगला होता. ती पंगुगृहं बदनाम होती आणि ती बंद पडावीत असं लोकांना वाटत होतं. पण ज्यांना उठता-बसता येत नाही, ती माणसं जाणार कुठे? ती खाजगी घरांमध्ये गेली. कुणी आपल्या घरात चार खाटा टाकल्या, कुणी आठ. माणूस मदतीचे पैसे घेऊन यायचा आणि ते घरमालकाला द्यायचा. असा हा धंदा उभा राहिला. १९५० मध्ये सरकार थेट या घरांना पैसे देऊ लागलं आणि राज्यांनी त्यांना परवाने द्यावेत असं ठरलं. मग १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन मोठ्या योजना आल्या. गरीब वृद्धांच्या नर्सिंग होमचा खर्च आता मेडिकेड उचलू लागलं. पैसा आला, तशा इमारती आल्या आणि कंपन्याही आल्या.

याच काळात दुसरीकडे आणखी एक गोष्ट घडत होती. १९५४ मध्ये अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन हे औषध बाजारात आलं. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारावरचं हे पहिलं खरं परिणामकारक औषध. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. पुढच्या वीस वर्षांत ती रुग्णालयं रिकामी होत गेली. त्यात म्हातारी माणसं पुष्कळ होती, स्मृतिभ्रंश झालेली. १९६५ नंतर त्यांतली अनेक नर्सिंग होममध्ये आली आणि त्यांच्याबरोबर ही औषधंही आली.

आता त्या नर्सिंग होममधली रात्र डोळ्यांसमोर आणा. एका मजल्यावर तीस-चाळीस माणसं आणि हाताशी मोजके मदतनीस. एक आजी रात्री उठून येरझाऱ्या घालतात. एक आजोबा अंघोळीला नेलं की ओरडतात. यांना बोलून शांत करायला अर्धा तास लागतो. गोळी द्यायला दोन मिनिटं लागतात. गोळी देणारी बाई दुष्ट नसते, ती थकलेली असते. पण गोळी कोणाच्या आजारावर दिली गेली? आजींच्या, की मनुष्यबळ कमी असण्याच्या? हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण पुढची पन्नास वर्षं त्याच्याभोवतीच फिरणार आहेत.

युटाचे सिनेटर फ्रँक मॉस यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत या घरांवर सुनावण्या घेतल्या. त्या काळात वाईट बातम्याही येत होत्या. जानेवारी १९७० मध्ये ओहायोतल्या मॅरिएटा गावात एका नर्सिंग होमला आग लागली आणि तीसहून अधिक वृद्ध दगावले. मॉस यांच्या उपसमितीनं १९७४ पासून अहवालांची एक मालिका काढली. त्यातला १९७५ चा एक भाग फक्त औषधांवर आहे. त्याच्या शीर्षकातच तीन गोष्टी आहेत: औषधांचा गैरवापर, भरमसाट किमती आणि कमिशन. कमिशन म्हणजे आपल्याला कळतं तेच. नर्सिंग होमचं गिऱ्हाईक मिळावं म्हणून औषध दुकानदार मालकाला वाटा द्यायचा. मग गोळ्या कमी व्हाव्यात असं वाटणारा त्या साखळीत कुणीच उरत नाही. १९७४ मध्ये सरकारनं नियम केला की फार्मासिस्टनं दर महिन्याला प्रत्येक रहिवाशाची औषधं तपासायची. हा नियम चांगला होता, आणि आजही आहे.

मग आकडे आले. वेन रे नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेनेसी राज्यातल्या मेडिकेडच्या नोंदी काढल्या. १७३ नर्सिंग होम आणि जवळजवळ सहा हजार माणसं. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरात शंभरातल्या ४३ जणांना मनोविकारावरची प्रबळ औषधं, म्हणजे अँटिसायकोटिक्स, दिली गेली होती. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या डॉक्टरकडे नर्सिंग होममधले जितके जास्त पेशंट, तितकं तो दर पेशंटमागे हे औषध जास्त लिहून देत होता. आता डॉक्टरचे पेशंट वाढले म्हणून एखाद्या आजींचा आजार वाढत नाही ना? मग वाढलं काय? औषध सोयीसाठी दिलं जातंय, हा संशय इथे पहिल्यांदा आकड्यांत उतरला.

तुम्ही विचाराल, तपासणी होत नव्हती का? होत होती. त्याचीच गोष्ट सांगतो. १९७५ मध्ये कोलोरॅडोतल्या नर्सिंग होमच्या काही रहिवाशांनी खटला भरला. त्यांच्यातल्या मायकेल स्मिथ यांच्या नावानं तो ओळखला जातो. सरकार आमच्या घरांना पैसे देतं, मग तिथे नीट काळजी घेतली जाते की नाही हे पाहणं सरकारचं कर्तव्य नाही का, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टात ते हरले. १९८४ मध्ये वरच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पण तोवर स्मिथ हयात नव्हते. त्या निकालपत्रात एक तपशील आहे. तपासनीस जो फॉर्म भरायचे, त्यात ५४१ प्रश्न होते. त्यांतले फक्त ३० प्रश्न असे, की ज्यांचा रुग्णाच्या काळजीशी थोडाफार तरी संबंध होता किंवा ज्यांच्यासाठी रुग्णाकडे बघावं लागलं असतं. बाकी सगळं इमारत, नोंदवह्या आणि लेखी धोरणं. म्हणजे काळजी घेण्याची क्षमता कागदावर आहे का, एवढंच बघायचं. काळजी घेतली का, हे बघायचं नाही. (हशा) हसण्यासारखंच आहे, पण आपण सगळ्यांनी असे फॉर्म भरलेले आहेत.

मग १९८५ मध्ये एक साधी गोष्ट झाली, जी तोवर फारशी कुणी केली नव्हती. नागरिकांच्या एका राष्ट्रीय संघटनेनं पंधरा शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना थेट विचारलं, की चांगली काळजी म्हणजे काय? उत्तरांत माणसं होती: मदतनीस पुरेसे असावेत, ते मायेनं वागावेत, आमचं कुणी ऐकावं. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीचा अहवाल आला. आणि डिसेंबर १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अंदाजपत्रकाच्या एका भल्यामोठ्या कायद्यावर सही केली. त्याच्या पोटात नर्सिंग होम सुधारणेचा कायदा होता.

या कायद्यानं औषधांविषयी काय सांगितलं? शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला पट्ट्यानं बांधायचं नाही, आणि औषधानंही बांधायचं नाही. ‘औषधानं बांधणं’ ही कल्पना कायद्यात आली, हे मोठं पाऊल होतं. त्याखालच्या नियमांत पुढे आलं की औषध द्यायचं तर कारण लिहा, परिणाम बघा आणि मात्रा हळूहळू कमी करून पाहा. १९९० पासून अंमल सुरू झाला. रे यांच्याच गटानं टेनेसीत पुन्हा मोजलं, तेव्हा अँटिसायकोटिक औषधांचा वापर सुमारे २७ टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे जी औषधं अपरिहार्य म्हणून दिली जात होती, त्यांतल्या बऱ्याचशांवाचून चालत होतं.

याच सुमारास मार्क बिअर्स नावाचे वृद्धरोगतज्ज्ञ मॅसॅच्युसेट्समधल्या १२ नर्सिंग होमचा अभ्यास करत होते. साडेआठशे माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मनावर परिणाम करणारं काही ना काही औषध चालू होतं. १९९१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक यादी छापली: नर्सिंग होममधल्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशी औषधं. ‘बिअर्स निकष’ म्हणून ती आज जगभर वापरली जाते. अशी यादी का लागते? म्हातारपणी मूत्रपिंड आणि यकृत औषधाचा निचरा सावकाश करतात. तरुणाला दिलेली मात्रा आजोबांच्या शरीरात जास्त वेळ रेंगाळते. शिवाय एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो. हॅलोपेरिडॉल दिलं की हात थरथरतात, अंग ताठरतं. कुणी म्हणतं, हा तर पार्किन्सन. त्याची गोळी सुरू होते. तिनं भास होतात. मग भासांसाठी पहिलीच गोळी वाढवतात. माणूस आजारानं नाही, गोळ्यांच्या साखळीनं खाटेला खिळतो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. १९९० च्या दशकात नवी, महाग अँटिसायकोटिक्स आली आणि वापर पुन्हा चढला. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सर्वांत कडक इशारा दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या, तर साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी साडेचार टक्के दगावले होते आणि न घेणाऱ्यांपैकी अडीच टक्क्यांच्या आसपास. २०१२ मध्ये सरकारनं राष्ट्रीय मोहीम काढली. तेव्हा दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी जवळजवळ २४ टक्क्यांना ही औषधं चालू होती. काही वर्षांत आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आला. सगळ्यांना आनंद झाला.

पण त्या मोजणीतून काही माणसं वगळलेली होती. स्किझोफ्रेनिया असेल तर औषध योग्यच, म्हणून तो रहिवासी मोजायचा नाही. मग काय झालं असेल? (श्रोत्यांतून: “निदान वाढलं!”) बरोबर. २०२१ मध्ये एका वृत्तपत्रानं दाखवलं की नर्सिंग होममधल्या दर नऊ माणसांत एकाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया आहे. हा आजार बहुधा चाळिशीच्या आत दिसतो, ऐंशीव्या वर्षी नव्यानं क्वचितच होतो. २०२२ च्या सरकारी तपासणी अहवालात दिसलं की अँटिसायकोटिक्स घटली तशी फिट्सवरची औषधं वाढली. मनावर परिणाम करणारं कुठलं तरी औषध चालू असलेल्यांचं प्रमाण २०११ ते २०१९ या काळात ८० टक्क्यांच्या आसपासच राहिलं. २०२३ मध्ये सरकारनं या निदानांची पडताळणी सुरू केली. पुन्हा तेच. ५४१ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये जो दोष होता, तोच एका आकड्यात आला. आकडा सुधारला, पण येरझाऱ्या घालणाऱ्या आजींशी बोलायला अजूनही कुणी नव्हतं.

आता एक गैरसमज. औषधाची चूक म्हटलं की आपल्याला वाटतं, नर्सनं चुकीची गोळी दिली. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये ५५ वृद्धगृहांतल्या २५६ जणांचा अभ्यास छापून आला. माणशी सरासरी आठ औषधं, आणि दहातल्या सात जणांच्या बाबतीत किमान एक चूक. पण चुकांचं सर्वांत जास्त प्रमाण देखरेखीत होतं. औषध सुरू झालं आणि मग रक्त तपासलं नाही, परिणाम कुणी पाहिला नाही. गोळी हातात देणारा माणूस सगळ्यांना दिसतो. जे बघायचं राहून गेलं, ते कुणालाच दिसत नाही.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. जिल्ह्याजिल्ह्यात किमान दीडशे गरजू वृद्धांसाठी निवास असावा, असं तो सांगतो. तिथल्या दर्जाची मानकं राज्य सरकार ठरवू शकतं. मानकं करताना खोलीचं क्षेत्रफळ आणि संडासांची संख्या तर यावीच. पण त्याबरोबर हेही यावं, की इथल्या माणसाला कुठली गोळी, कशासाठी आणि किती दिवस, हे कुणीतरी दर महिन्याला बघतं का.

शेवटी श्रोत्यांतल्या एका ताईंनी विचारलं: “सर, माझी आई वृद्धाश्रमात आहे. मी नेमकं काय विचारू?”

ताई, चार गोष्टी विचारा. प्रत्येक गोळी कशासाठी आहे? ती कुणी आणि कधी सुरू केली? शेवटचा आढावा कधी झाला? आणि आई अलीकडे जास्त झोपते, पडते किंवा गप्प असते, तर ते औषधामुळे असेल का? मनानं कुठलीही गोळी बंद करू नका, त्यानंही अपाय होतो. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याबरोबर ठरवा. आणि तिथल्या मावशींना विचारा, रात्री तुम्ही कितीजणी असता? बऱ्याचदा खरं उत्तर तिथे मिळतं.