मातीचं दप्तर

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तेहरानला जाण्याचा योग आला. कवितेच्या एका छोट्या मेळाव्याचं निमित्त होतं. निघण्याआधी दोन माणसांनी मला दोन वाक्यं ऐकवली आणि ती सामानासारखी सोबत घेऊनच मी विमानात बसलो.

पहिलं वाक्य शेजारच्या सद्गृहस्थांचं. माणूस चांगला, माझ्या कवितांचा वाचक. हसत हसत म्हणाले, "चला, एकदाचे आपल्या देशात चाललात म्हणायचे!" त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. दुसरं वाक्य माझ्या मामूंचं. तिथलं जुन्या वस्तूंचं संग्रहालय बघणार आहे म्हटल्यावर त्यांनी घरच्या दखनीत मला समजावलं. तो सगळा इस्लामच्या आधीचा पसारा आहे, त्यात आपलं काय आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ.

एकजण मला इराणचा करून मोकळा झाला होता, तर दुसरा इराणचाही निम्मा इतिहास माझ्या हातून काढून घेत होता. गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. 'तुमचं नेमकं कुठलं?' हा प्रश्न मला नवा नाही. पण त्याचं उत्तर एखाद्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत मिळेल असं वाटलं नव्हतं.

इराणचं राष्ट्रीय संग्रहालय तेहरानमध्ये सी-तिर नावाच्या रस्त्यावर आहे. त्या एकाच रस्त्यावर मशीद आहे, आर्मेनियन चर्च आहे, ज्यूंचं सिनेगॉग आहे आणि झरथुष्ट्री लोकांचं अग्निमंदिरही आहे. संग्रहालयाची लाल विटांची इमारत १९३७ साली पूर्ण झाली. आंद्रे गोदार आणि मॅक्सिम सिरू या फ्रेंच वास्तुकारांनी ती बांधली. दर्शनी कमान घेतली आहे ती बगदादजवळच्या 'ताक-ए-कस्रा' या ससानी राजवाड्याच्या कमानीवरून. शेजारीच दुसरी इमारत आहे, तिच्यात इस्लामी काळातल्या वस्तू. दोन काळांना दोन घरं, पण संग्रहालय एकच. मामूंना हे दाखवायला हवं होतं असं तिथेच वाटून गेलं.

आत जाताच काळ्या दगडाचा एक उंच स्तंभ दिसतो. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायद्याची संहिता त्याच्यावर कोरलेली आहे. जवळ जाऊन पाटी वाचली तेव्हा कळलं की ही प्रतिकृती आहे. मूळ स्तंभ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. तो सापडला इराणमधल्या सुसा इथे, १९०१ च्या सुमारास. त्या काळात इराणमधल्या उत्खननाची मक्तेदारी फ्रेंचांकडे होती, ती १९२७ मध्ये संपली. पण गोष्ट इथे थांबत नाही. हम्मुराबी काही सुसाचा राजा नव्हता. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात एलामच्या राजाने मेसोपोटेमियावर स्वारी केली आणि तिथून हा स्तंभ लुटून सुसाला आणला. म्हणजे लुटीचा माल पुन्हा परदेशी गेला आणि दोनदा बेघर झालेल्या दगडाची नक्कल आता इथे उभी आहे. 'मूळचं कुणाचं' हा प्रश्न दगडालासुद्धा सुटत नाही, मग माणसाचं काय घेऊन बसलात!

पुढे सम्राट दारयुशचा, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या डरायसचा, भव्य पुतळा आहे. त्याला डोकं नाही. तो १९७२ साली सुसाला सापडला, पण घडवला गेला इजिप्तमध्ये. त्याच्या झग्याच्या चुण्यांवर जुन्या फारसीत, एलामी आणि बाबिलोनी भाषेत लेख आहेत, शिवाय इजिप्तची चित्रलिपी आहे. चौथऱ्यावर साम्राज्यातल्या चोवीस लोकसमूहांच्या लहान लहान आकृत्या कोरल्या आहेत. गुडघे टेकलेले, हात वर केलेले. त्यांतला एक आपल्याकडचा आहे, हिंदूशचा. सिंधू नदीकाठच्या प्रदेशाला इराणी लोक हिंदूश म्हणत, कारण त्यांच्या तोंडी 'स'चा 'ह' होई. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या नावात कुठला धर्म नव्हता. होती ती एक नदी आणि तिच्या काठची माणसं.

मात्र माझे पाय खिळले ते राजापाशी नाही. एका पेटीत एका माणसाचं मस्तक आहे. लांब पांढरे केस, पांढरी दाढी, कानात सोन्याची बाळी. शेजारी चामड्याचा बूट आणि त्यात त्याचा पाय. झंजानजवळच्या चेहराबादच्या मिठाच्या खाणीत १९९३ च्या हिवाळ्यात तो कामगारांना सापडला. मिठाने त्याला सुमारे सतराशे वर्षं जपून ठेवलं. त्याच्यासोबत लोखंडी चाकू होते, चांदीची सुई होती आणि एक अक्रोडही होता. पुढच्या वर्षांत त्या खाणीत आणखीही माणसं सापडली. आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणतात. इथे मीठच माणसाला जागलं होतं. खिशात अक्रोड घेऊन घरून निघालेला तो माणूस कोणत्या धर्माचा, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

आता सांगतो ती मुख्य गोष्ट. एका दालनात मातीच्या लहान लहान पाट्या मांडल्या होत्या. तळहातात मावतील एवढ्या, काही तर साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या. पर्सेपोलिस इथे १९३३ साली शिकागो विद्यापीठाच्या पथकाला अशा हजारो पाट्या आणि तुकडे सापडले. इसवी सनपूर्व ५०९ ते ४९३ या काळातले, दारयुशच्या कारकिर्दीतले. त्यांत विजयाच्या गर्जना असतील, देवांची स्तोत्रं असतील असं वाटलं होतं. पण निघाले ते शिध्याचे हिशोब! कुणाला किती जव दिले, किती पीठ दिलं, किती दारू दिली. देणारा कोण, घेणारा कोण. दोऱ्याच्या गाठीभोवती ओल्या मातीचा गोळा दाबायचा, त्यावर खिळ्यासारख्या अक्षरांत मजकूर कोरायचा आणि मोहोर उठवायची. झाली पावती तयार.

त्या हिशोबांत कामगार बाया आहेत, पोरं आहेत, दगड फोडणारे आहेत. बाळंतिणींना जादा शिधा दिल्याच्या नोंदी आहेत. वाचून बरं वाटतं, पण पुढचं वाक्य वाचलं की बोच लागते. मुलगा झाला तर जेवढा शिधा, त्याच्या निम्मा मुलगी झाल्यावर. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाने हे कोरडेपणाने नोंदवून ठेवलं आणि त्यामुळेच ते आज लपत नाही. एका पाटीवर हिंदूशकडून सुसाकडे चाललेल्या प्रवाशांच्या पिठाची नोंद आहे. तुकडीच्या प्रमुखाचं नाव अब्बतेमा आणि बरोबर राजाच्या मोहोरेचा परवाना. प्रवासाचा भत्ता आणि सरकारी पत्र. आपल्या कचेऱ्यांतून आजही दुसरं काय चालतं?

माझे वडील तालुक्याच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखेत कारकून होते. रेशनची रजिस्टरं, साखरेचा कोटा, रॉकेलचा हिशोब. संध्याकाळी कागद रुमालात बांधताना ते गाठ दोनदा ओढून बघत. त्या काचेपाशी उभं असताना मला वडिलांच्या बोटांवरची शाई दिसली.

या पाट्यांचाही वनवास मोठा आहे. अभ्यासासाठी म्हणून त्या शिकागोला उसन्या दिल्या, १९३६ साली तिथे पोचल्या. काही वर्षांनी थोडा भाग परत आला, २००४ मध्ये तीनशे पाट्या आल्या. मग खटला उभा राहिला. १९९७ साली जेरुसलेममध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांतल्या अमेरिकन जखमींना भरपाई द्यावी, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने इराणविरुद्ध दिला होता. ती भरपाई वसूल करायला या पाट्या जप्त कराव्यात, अशी मागणी झाली. जखमींचं दुःख खरंच होतं, त्याची टवाळी कोण करील? पण बाळंतिणीच्या शिध्याची पावती विकून ते भरून निघणार होतं का? २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती नाकारली. त्यानंतर २०१९ मध्ये १,७८३ पाट्या घरी आल्या. त्यांतल्या काही मी पाहत होतो. पुढे २०२३ मध्ये आणखी ३,५०६ आल्या.

आता एक शब्दाची गंमत. मला ती संग्रहालयातून बाहेर पडल्यावर, पुस्तकं धुंडाळताना नीट उमगली. या पाट्यांची भाषा एलामी आहे. एलामी भाषेत पाटीला, लेखाला म्हणतात 'तुप्पी'. त्याचं मूळ त्याहून जुन्या सुमेरियन भाषेत. जुन्या फारसीत तो शब्द झाला 'दिपि'. सम्राट अशोकाच्या वायव्येकडच्या शिलालेखांत, शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे, लेखाला 'दिपि'च म्हटलं आहे. इतरत्र त्याचंच झालं 'लिपि'. बहुतेक भाषाभ्यासक आपल्या 'लिपी' या शब्दाचं मूळ तिथेच मानतात. म्हणजे ज्या देवनागरी लिपीत मी मराठी कविता लिहितो, तिच्यातला 'लिपी' हा शब्द त्या मातीच्या पाटीवरून चालत आला.

त्याच 'दिपि'पासून फारसीत लेखनिकाला 'दबीर' म्हणू लागले. हा दबीर दख्खनमध्ये आला आणि आपला डबीर झाला. शिवछत्रपतींच्या दरबारातले डबीर आपल्याला ठाऊक आहेत. डबीर आडनावाची घरं आजही आहेत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावं संस्कृत झाली, डबीरांचे सुमंत झाले. राज्यव्यवहारकोशही सिद्ध झाला. राजाने आपल्या भाषेला मान दिला, ते योग्यच झालं. त्या मानाचा धनी मीही आहे. पण गंमत बघा, डबीर परका म्हणून बाहेर गेला आणि त्याचीच सख्खी बहीण लिपी घरची म्हणून देवघरात राहिली. १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या माधव जूलियनांनी अशी भावंडं किती मायेने गोळा केली असतील!

तेहरानमध्ये मला राहून राहून फिरदौसीची आठवण येत होती. त्याने शाहनामा पूर्ण केला इसवी सन १०१० मध्ये. स्वतः मुसलमान, पण गाथा गायली ती इस्लामच्या आधीच्या राजांची, आणि तीही आपल्या मायबोलीत. पूर्वजांना आपलं म्हणण्यासाठी त्याला धर्म सोडावा लागला नाही आणि धर्मासाठी पूर्वजही सोडावे लागले नाहीत. हजार वर्षांपूर्वी एका कवीला हे जमलं असेल, तर मला मराठीत जमायला काय हरकत आहे?

परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलंच, "कसा वाटला तुमचा देश?" मी म्हटलं, "देश त्यांचा. मी फक्त आपल्या 'लिपी'चं माहेर बघून आलो." मग चहावर त्यांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "आमच्या आजोळचं आडनाव डबीर." मामूंना मात्र मीठवाल्या माणसाची गोष्ट आवडली. त्यांनी एकच विचारलं, "अक्रोड खायचा राहूनच गेला म्हणायचा?"

२०२५ च्या जूनमध्ये तेहरानवर बॉम्ब पडत असल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा मला त्या काचेच्या पेट्या आठवत होत्या. साम्राज्यं गेली, राजाचं डोकं गेलं, शिध्याच्या पावत्या तेवढ्या उरल्या. वडिलांचा एक जुना रुमाल अजून माझ्या कपाटात आहे. आता मी माझ्या कवितांचे कागद त्यात बांधतो आणि गाठ दोनदा ओढून बघतो.