पेनिसिलिन, कॉर्टिसोन आणि पिंपरी : एका निर्मितीच्या इतिहासाचा विचार

[१]

त्रैमासिकाच्या या पानांत बखरी, महजर, सनदा व करीने यांचा विचार वाचावयाची वाचकांस संवय आहे. तेथें बुरशीचा व औषधांचा इतिहास मांडावयास आम्ही निघालों आहों, हें पाहून कित्येकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्या वस्तूमुळें गेल्या ऐंशी वर्षांत लक्षावधि माणसें वांचलीं, तिचा इतिहासहि कागदांवरूनच ठरवावा लागतो. आणि कागद नाहींसे झाले म्हणजे तेथेंहि दंतकथा शिरल्यावांचून राहत नाहीं.

लेखास निमित्तहि तसेंच घडलें. पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यांत उमेदीचीं वर्षें घालविलेले आमचे एक परिचित वृद्ध गृहस्थ वारले. टाक्यांतील उष्णता, आम्लता, हवेचा पुरवठा, कोणत्या पाळीस कोणती टाकी नासली, अशा नोंदी असलेल्या त्यांच्या पांच-सहा खासगी वह्या आम्हीं एकदां पाहिल्या होत्या. त्या मागावयास आम्ही गेलों, तों चार दिवसांपूर्वींच त्या रद्दींत गेल्याचें कळलें. घरच्या मंडळींचा यांत दोष नाहीं. त्या वह्या म्हणजे इतिहासाचीं साधनें आहेत, हें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें. तें सांगणें आमचें काम होतें, आणि तें आम्हीं केलें नाहीं.

[२]

प्रथम पूर्वपक्ष मांडूं. सर्वसामान्य समजूत अशी कीं, लंडन येथील सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग हे इ. स. १९२८ च्या सप्टेंबरांत सुटीहून परतले. त्यांच्या एका कांचेच्या तबकडींत बुरशी पडून भोंवतालचे जंतु विरघळले होते. आणि त्या क्षणीं जगास पेनिसिलिन मिळालें.

यांतील पहिलीं दोन विधानें खरीं आहेत. तिसरें मात्र पुराव्यास उतरत नाहीं. फ्लेमिंग यांचा निबंध १९२९ सालीं प्रसिद्ध झाला. १९३० सालीं शेफील्ड येथें सेसिल पेन या डॉक्टरानें बुरशीचा कच्चा अर्क वापरून नवजात बालकांचे डोळ्यांचे विकार बरे केले. परंतु तो प्रयोग त्यानें छापलाच नाहीं. १९३२ च्या सुमारास हॅरल्ड रेस्ट्रिक या निष्णात रसायनज्ञानें तें द्रव्य शुद्ध करण्याचा यत्न केला. पण तें हातीं लागतांच नासून जाई, म्हणून तो सोडून दिला. निबंध छापून झाल्यावर तब्बल अकरा वर्षें रोग्याच्या खाटेपर्यंत औषध म्हणून कांहींच पोहोंचलें नाहीं. शोध लागला होता, वस्तु नव्हती. इतिहासकारास जें उलगडावयाचें आहे तें या दोहोंमधील अंतर होय.

[३]

तें अंतर तोडण्यास ऑक्सफर्ड येथें हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनीं आरंभ केला. ता. २५ मे १९४० रोजीं आठ उंदरांस मारक जंतु टोंचण्यांत आले व त्यांपैकीं चौघांस पेनिसिलिन दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं औषध न मिळालेले चारही मेलेले होते, औषध मिळालेले जिवंत होते. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ मध्यें छापला गेला.

या तिघांत हीटली यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. परंतु द्रव्य हातीं राहिलें तें त्यांच्या युक्तीनें. बुरशीचें पाणी थंड व आम्ल करून त्यांतील पेनिसिलिन प्रथम ईथरमध्यें उतरवावयाचें, आणि मग किंचित् क्षारयुक्त पाण्यांत परत घ्यावयाचें, अशी ती रीत होती. युद्धकाळीं भांडीं मिळेनात. तेव्हां रुग्णालयांतील मलपात्रांत बुरशी वाढविली, व पुढें त्याच धर्तीचीं मातीचीं भांडीं मुद्दाम घडवून घेतलीं. इतकें करूनहि उत्पन्न किती, तर १९४१ च्या फेब्रुवारींत एका पोलीस शिपायास औषध सुरूं केलें, त्यास स्पष्ट उतार पडूं लागला, त्याच्या मूत्रांतून गाळून काढलेलें पेनिसिलिन त्यालाच पुनः देण्यांत आलें, तरी सांठा संपला आणि मार्चांत तो मनुष्य दगावला. औषध खरें होतें. तें पुरेसें नव्हतें, एवढ्याच कारणानें मृत्यु ओढवल्याचें असें उदाहरण विरळा.

[४]

त्याच वर्षींच्या जुलईंत फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. इलिनॉय प्रांतांतील पिओरिया येथें शेतमालाचा उपयोग शोधणारी एक सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून पिष्ट काढतांना जें भिजवणीचें दाट पाणी उरतें, तें बुरशीस खाद्य म्हणून दिल्यास उत्पन्न अनेक पट वाढतें, असें तेथें अँड्रू मॉयर यांस आढळलें. येथें एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली पाहिजे. बुरशी ही आपल्या द्रव्याची एक बाजू जसें खाद्य मिळेल तशी घडविते. मक्याच्या पाण्यांत फेनिल वर्गाचे पदार्थ असल्यामुळें अमेरिकेंतील पेनिसिलिन ऑक्सफर्डच्या पेनिसिलिनाहून घडणींत निराळें निघालें. पुढें फेनिल-ॲसेटिक आम्ल मुद्दाम घालून तीच जात निश्चितपणें मिळविण्यांत येऊं लागली. म्हणजे रसायनज्ञानें बुरशीस आज्ञा देण्याचा हा पहिला प्रकार होय.

दुसरी अडचण हवेची. ही बुरशी पृष्ठभागावर सायीसारखी वाढते; उत्पन्न वाढवावयाचें तर पृष्ठभाग वाढवावा लागे, म्हणजे भांड्यांची संख्या वाढवावी लागे. खोल टाकींत ती बुडवून, खालून जंतुरहित हवा सोडून, अहोरात्र ढवळीत ठेवणें हा त्यावरील उपाय. परंतु फ्लेमिंग यांची बुरशी बुडवून वाढविली असतां फळ देईना. तेव्हां नव्या जातींचा शोध झाला, आणि पिओरियाच्याच बाजारांतील एका नासक्या खरबुजावर १९४३ सालीं उत्तम जात सांपडली. क्ष-किरण व अतिनील किरण यांनीं तिच्यांत पालट घडवून आणखी सरस वाण निवडण्यांत आले.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील फायझर कंपनी साखरेपासून बुरशीच्या साहाय्यानें सायट्रिक आम्ल करण्यांत कित्येक वर्षांची वाकबगार होती. तिनें एक जुना बर्फाचा कारखाना घेऊन त्यांत ७५०० गॅलनांच्या चौदा टाक्या बसविल्या, आणि ता. १ मार्च १९४४ रोजीं काम सुरूं झालें. त्याच जूनमध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याबरोबर पेनिसिलिन होतें. तीन वर्षांपूर्वीं एका शिपायास जें पुरलें नव्हतें, तें आतां सैन्यास पुरूं लागलें. १९४५ चें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांस मिळालें. हीटली, मॉयर आणि टाक्यांजवळ रात्रपाळी करणारे लोक त्यांत आले नाहींत.

[५]

युद्धकाळांत शेंकडों रसायनज्ञ पेनिसिलिन केवळ रसायनक्रियेनें बनविण्याच्या मागें होते. डोरोथी हॉजकिन यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें १९४५ सालीं त्याची घडण निश्चित केली, तेव्हां चार अणूंचें एक अति ताणलेलें कडें त्यांत निघालें. जॉन शीहन यांनीं १९५७ सालीं तें कृत्रिम रीतीनें सिद्ध केलें खरें. परंतु खर्चाच्या दृष्टीनें बुरशीशीं स्पर्धा करणें अशक्य ठरलें.

मग जी तडजोड झाली तीच आमच्या मतें या इतिहासाचें हृद्गत होय. अवघड गाभा बुरशीनें करावा, त्यास जोडलेली बाजू रसायनज्ञानें बदलावी. इंग्लंडांत बीचम कंपनीच्या संशोधकांनीं हा मोकळा गाभा वेगळा करून १९५९ सालीं जाहीर केला, आणि त्यापासून १९६१ सालीं ॲम्पिसिलिन बाजारांत आलें. गाभ्यास धक्का न लावतां बाजू तेवढी तोडण्याचें नाजूक काम पुढें पुनः जंतूंच्याच वितंचकाकडे सोंपविण्यांत आलें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्यानें अशाच एका वितंचकाची सूक्ष्म घडण १९९९ सालीं प्रसिद्ध केली, हें येथें अभिमानानें नमूद करितों.

[६]

कॉर्टिसोनचा इतिहास याच्या उलट दिशेनें जातो. मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं ता. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं सांधे आखडून अंथरुणास खिळलेल्या एका स्त्रीस हें द्रव्य टोंचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. परंतु तें द्रव्य बैलाच्या पित्तांतील आम्लापासून करावें लागे, आणि त्यास तिसाहून अधिक पायऱ्या लागत. चार कड्यांच्या या सांगाड्यांत प्राणवायूचा एक अणु बाराव्या कर्बावर असे, तो अकराव्यावर न्यावयाचा, यांतच बहुतेक श्रम खर्ची पडत. १९४९ सालीं एका ग्रॅमास सुमारें २०० डॉलर पडत. ही किंमत सामान्य रोग्यास कशी परवडावी ?

इकडे रसेल मार्कर यांनीं मेक्सिकोंतील व्हेराक्रूझच्या रानांतील एका जंगली कंदांतून डायोस्जेनिन काढून त्यापासून प्रोजेस्टेरोन विपुल मिळविण्याची रीत बसविली होती, आणि १९४४ सालीं मेक्सिको शहरांत सिंटेक्स कंपनी स्थापन झाली होती. सांगाडा स्वस्त झाला. अकराव्या जागेवरील प्राणवायु मात्र रसायनज्ञाच्या आटोक्यांत येईना. १९५२ सालीं कॅलमझू येथील अपजॉन कंपनीच्या ड्युरी पीटरसन व हर्बर्ट मरे यांनीं दाखविलें कीं, शिळ्या भाकरीवर उगवणाऱ्या बुरशीच्या कुळांतील रायझोपस ही प्रोजेस्टेरोनच्या नेमक्या अकराव्या कर्बावर एकाच पायरींत प्राणवायु बसविते. पुढील काम सोपें होतें, आणि किंमत झपाट्यानें उतरली. पेनिसिलिनांत गाभा बुरशीचा व कलाकुसर रसायनज्ञाची. कॉर्टिसोनांत सांगाडा वनस्पतीचा व रसायनज्ञाचा, आणि कलाकुसर बुरशीची. दोहोंचा निष्कर्ष एकच : उभयतांनीं आपापल्या शक्तीचें काम वांटून घेतलें, म्हणून औषध गरिबाच्या घरापर्यंत आलें.

[७]

येथें कांहीं विद्वान् विचारतील कीं, आपल्या पूर्वजांस ही विद्या ठाऊक नव्हती काय ? कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं उडदाचा लगदा व तांदूळ यांपासून किण्व सिद्ध करण्याची कृति दिली आहे. चार्वाकमताच्या विवरणांत किण्वादिकांपासून मदशक्ति उपजते हा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. यावरून किण्वाची क्रिया पूर्वजांस परिचित होती व तिचें त्यांस कौतुक होतें, इतकेंच सिद्ध होतें. सूक्ष्मजंतूंचें ज्ञान त्यांस होतें असें त्यावरून म्हणणें म्हणजे शब्दाच्या आधारावर वस्तु उभी करणें होय. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. त्या भाषेचा मान खोट्या दाव्यानें वाढतो असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या अभिमानाचा खरा विषय कौटिल्यापेक्षां जवळ, पुण्याच्या वायव्येस आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें भारत सरकारनें १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापिली, आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. आमच्या वडील बंधूंस बाळपणीं न्युमोनिया झाला असतां डॉक्टरांनीं टोंचलेल्या औषधाची कुपी पिंपरीची होती; रबरी बुचाची ती रिकामी कुपी आमच्या मातोश्रींनीं देवघराच्या फडताळांत कित्येक वर्षें जपून ठेविली होती. पिंपरी केवळ परकी रीत गिरवून थांबली नाहीं. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं तेथील मातींतील जंतूपासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध शोधून १९६१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्या जंतूस ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असें नांव दिलें. मावळच्या वाटेवरील एका गांवाचें नांव लॅटिन नामावलींत असें कायमचें कोरलें गेलें आहे.

पुढें आयातीचे निर्बंध सैल झाल्यावर चीनच्या स्वस्त मालापुढें भारतांतील पेनिसिलिनचें किण्वन टिकाव धरूं शकलें नाहीं. जो देश स्वतः पेनिसिलिन करीत होता तो त्यासाठीं परक्याच्या तोंडाकडे पाहूं लागला. आणि तें पुनः येथें व्हावें म्हणून २०२० सालीं सरकारास उत्तेजनार्थ योजना जाहीर करावी लागली. टाक्या पैशानें पुनः बसवितां येतात. हातांत मुरलेलें ज्ञान एकदां तुटलें म्हणजे तें जोडण्यास नोंदींवांचून दुसरा आधार नाहीं.

[८]

शेवटीं एक उदाहरण देऊन लेख आटोपतों. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेंतील रटगर्स येथें १९४३ सालीं लागला. १९५२ चें नोबेल पारितोषिक त्याबद्दल एकट्या सेल्मन वॅक्समन यांस मिळालें. परंतु प्रत्यक्ष प्रयोग केला होता त्यांचे तरुण विद्यार्थी अल्बर्ट शात्झ यांनीं. शात्झ यांनीं १९५० सालीं फिर्याद केली व सहशोधक म्हणून कायदेशीर मान्यता मिळविली. तरी लोकांच्या तोंडीं नांव गुरूचेंच राहिलें. तथापि शात्झ यांची वही शिल्लक होती. तींत ता. २३ ऑगस्ट १९४३ रोजीं आरंभिलेला अकरावा प्रयोग त्यांच्याच हातचा लिहिलेला आहे. वही राहिली, म्हणून सत्य राहिलें.

पिंपरीच्या वह्यांचें तसें होऊं शकलें असतें. निदान ज्या अद्याप कोणाच्या माळ्यावर, पेटींत वा फडताळांत असतील, त्यांचें तरी व्हावें. तेथें काम केलेल्या मंडळींपैकीं अनेकजण आज ऐंशीच्या घरांत आहेत. सरदार घराण्यांचीं दप्तरें मिळविण्यासाठीं या क्षेत्रांतील पूर्वसूरींनीं गांवोगांव पायपीट केली. त्या मानानें पिंपरी फार दूर नाहीं. ज्या वाचकांच्या आप्तेष्टांत असे कोणी असतील त्यांनीं त्यांजकडे आजच जावें, कागद पाहावे, तोंडची हकीकत तारीखवार लिहून घ्यावी, आणि ती एखाद्या संग्रहालयांत ठेवावी. आम्हांस चार दिवस उशीर झाला. तसा उशीर दुसऱ्या कोणास होऊं नये, याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.